थोरातांचा कागद, दळवींचे पुस्तक आणि उत्तर मुंबईची मते

सांजवात (धागाकर्ती)

निवृत्त सेनाधिकाऱ्याने युद्धाच्या राजकीय हाताळणीवर तोंड उघडले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो : हे गृहस्थ गणवेशात होते तेव्हा गप्प का बसले? प्रश्न रास्त आहे. तो नुसता टोमणा म्हणून न टाकता खरोखर उत्तर मिळवण्यासाठी विचारला, तर १९६२ च्या चीन युद्धाइतके बोलके उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे नाही. त्या युद्धाविषयी निवृत्तीनंतर लिहिणाऱ्या तीन सेनाधिकाऱ्यांची पुस्तके मी अलीकडे पुन्हा सावकाश वाचली. एक आपले कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, दुसरे ब्रिगेडियर जॉन दळवी आणि तिसरे लेफ्टनंट जनरल बृजमोहन कौल. तिघांनीही दिल्लीला बोल लावला आहे, पण तिघांच्या बोलाचे वजन सारखे नाही. ते कसे तोलायचे हे मला मांडायचे आहे, आणि त्या हिशेबात आपल्या मुंबईचीही एक बाजू आहे.

थोरातांपासून सुरुवात करते. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत थिमय्या, सेन आणि थोरात हे तीन हिंदी अधिकारी एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणींचे नेतृत्व करीत होते आणि तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला. कोरियातल्या युद्धकैद्यांचा ताबा घेण्यासाठी १९५३ मध्ये गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख थोरातच होते. १९५७ ते १९६१ ते पूर्व विभागाचे सेनापती होते आणि त्या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये सीमेवरच्या लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाल्यावर नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, सीमेची जबाबदारी लष्कराकडे आली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ८ ऑक्टोबर १९५९ रोजी, थोरातांनी त्या सीमेच्या संरक्षणाविषयी एक सविस्तर टिपण लिहून वर पाठवले.

त्या टिपणाचा गाभा साध्या भाषेत सांगायचा तर असा होता. सीमारेषेवरच्या चौक्या शत्रूची चाहूल देण्यासाठी ठेवाव्यात, पण लढाई तिथे देऊ नये. लढाई मागे बोमदिलाच्या आसपास द्यावी, जिथे आपल्या रस्त्याने आपली रसद पोहोचते आणि डोंगर उतरून आलेल्या शत्रूची मात्र रसद लांबत जाते. एवढ्यावर न थांबता १७ मार्च १९६० रोजी त्यांनी लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेतला आणि ज्येष्ठ अधिकाऱ्यांसमोर नकाशावर सगळे उलगडून दाखवले : हाताशी सैन्य किती, लागेल किती, ते मिळाले नाही तर काय होईल. थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की सरसेनापती थिमय्या यांना हे पटले होते. त्यांनी टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेले, आणि मेनन यांनी थोरात घबराट पसरवतात असे म्हणून ते बाजूला ठेवले. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये, आघाडी कोसळत असताना, पंतप्रधान नेहरूंनी निवृत्त थोरातांना बोलावून घेतले आणि ते टिपण समोर आल्यावर हे मला आधी का दाखवले नाही असे विचारले. उत्तर संरक्षणमंत्र्यांकडे मिळेल, असे थोरातांनी सांगितले.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी तिथेच अडखळते. देशाच्या एका सीमेचा संपूर्ण आराखडा तीन वर्षे कागदावर तयार होता आणि तो पंतप्रधानांच्या टेबलावर पोहोचला तेव्हा नामका चू नदीकाठची माणसे मारली गेली होती.

थोरातांच्या बोलाला माझ्या लेखी वजन येते ते इथे. त्यांनी १९८६ मध्ये पुस्तकातून जे म्हटले ते १९५९ मध्येच आपल्या सहीनिशी लिहून दिले होते. निवृत्तीनंतर सुचलेले शहाणपण आणि सेवेत असताना दिलेला इशारा यांतला फरक तारखेने कळतो. कौल यांचे पुस्तक १९६७ चे. त्यातही सरकारवर, पैसे न देणाऱ्या अर्थखात्यावर आणि वरिष्ठांवर ठपका आहे आणि त्यातले काही खरेही आहे. पण हेच कौल १९६१ पासून लष्करी मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफ होते, सीमेवर चौक्या पुढे सरकवण्याचे धोरण त्यांच्याच हाताखालून राबवले गेले, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये चौथ्या कोरची सूत्रे घेऊन ते स्वतः नेफात गेले. लढाईत पलटणीचे नेतृत्व केल्याचा अनुभव त्यांना नव्हता. आघाडीवर आजारी पडून ते दिल्लीला परतले आणि अंथरुणावरून हुकूम देत राहिले. त्यांच्या तक्रारीमागे आधीचा कागद नाही.

दळवी या दोघांहून वेगळे. सातव्या ब्रिगेडचे ते नायक होते, आणि थाग ला कड्याच्या पायथ्याशी, दहा हजार फुटांहून उंच अशा दरीत, चिनी सैन्य वरून पाहत असताना नामका चू नदीकाठी बसण्याचा हुकूम त्यांच्या माणसांना मिळाला होता. उन्हाळी कपडे, थोडी काडतुसे, गाडीरस्ता नाही, आणि विमानातून टाकलेल्या रसदेचा मोठा भाग दऱ्यांत पडून वाया. १२ ऑक्टोबरला सिलोनला जाताना पंतप्रधानांनी पत्रकारांना सांगितले की आपला प्रदेश मोकळा करण्याचा हुकूम सैन्याला दिला आहे. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला आला आणि काही तासांत ब्रिगेड संपली. २ राजपूत या एकाच पलटणीतले ५१३ पैकी २८२ जण मारले गेले. दळवी २२ ऑक्टोबरला पकडले गेले आणि मे १९६३ मध्ये सुटले. त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये आपल्या मुंबईतल्याच थॅकर कंपनीने छापले.

त्या पहिल्या आवृत्तीची एक प्रत आमच्या घरी आहे. ती वडिलांची. फेब्रुवारी १९६२ मध्ये आमचे घर उत्तर मुंबई मतदारसंघात होते. तिथे कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे होते आणि निवडणूक सरळसरळ चीनच्या प्रश्नावर लढली गेली होती. माझे वडील कारकुनी सांभाळून संध्याकाळी मेनन यांच्या प्रचाराला जात. मी आठ वर्षांची होते, पत्रकांचे गठ्ठे घडी घालायला आम्ही भावंडे बसत असू. दोनच महिन्यांपूर्वी गोवा मुक्त झाला होता आणि मेनन यांचे नाव आमच्या चाळीत आदराने घेतले जाई. मेनन एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. नोव्हेंबरमध्ये त्याच वडिलांनी आईच्या पाटल्या राष्ट्रीय संरक्षण निधीला दिल्या. त्याची पावती अजून पुस्तकात आहे. आणि सैनिकांकडे थंडीचे कपडे नव्हते हे दळवी जिथे लिहितात, त्या परिच्छेदाशेजारी समासात वडिलांनी पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवले आहे : ‘फेब्रुवारी १९६२’.

जाणकारांनी यावर लिहावे, ही विनंती. विशेषतः लष्करात राहिलेल्यांचे मत मला हवे आहे.

खडूफळा

सांजवातताई, लेख मनापासून आवडला, तरी इतिहास शिकवणारा माणूस म्हणून काही गोष्टी मांडल्याशिवाय राहवत नाही. मेनन यांना एकट्याला उभे करून दगड मारण्याची आपल्याकडे सवय आहे आणि सेनाधिकाऱ्यांच्या पुस्तकांनी ती पक्की केली. त्या काळात तिजोरीच्या किल्ल्या मोरारजी देसाई यांच्याकडे होत्या, आणि संरक्षणावर अधिक खर्च करणे हे त्या पिढीच्या काँग्रेसला तत्त्वतःच नको होते. देशातच शस्त्रे आणि विमाने बनवली पाहिजेत हा आग्रह मेनन यांनी धरला. तो चुकीचा होता असे आज कोणी म्हणणार नाही.

दुसरे म्हणजे, नामका चूचा ठपका दिल्लीवर ठेवता येतो, पण से ला आणि बोमदिलाचा ठेवता येत नाही. नोव्हेंबरात से ला खिंडीत जागा उत्तम होती, सैन्य होते, तोफा होत्या, आणि तरीही १७ आणि १८ नोव्हेंबरच्या त्या दोन दिवसांत चौथी डिव्हिजन फारशी लढाई न देता विस्कटली. तिथे हुकूम कोणा मंत्र्याने दिलेला नव्हता. थोरातांची योजना अमलात आली असती तरी ती राबवायला हेच अधिकारी असते, याचा विचार आपण करतो का?

तुमची तारखेची कसोटी मला मान्य आहे, मात्र ती पूर्ण नाही. आधी लिहिलेला कागद असणे पुरेसे नाही, त्या कागदात पर्याय काय दिला होता हेही पाहावे लागते. ‘सैन्य कमी आहे’ असे प्रत्येक सेनापती प्रत्येक वर्षी लिहितो आणि त्यातला खरा इशारा कोणता हे मंत्र्याला ओळखावे लागते. थोरातांच्या टिपणाचे मोठेपण असे की त्यांनी नुसते सैन्य मागितले नाही. कुठे लढायचे नाही, हेही सांगितले. सीमेवरची जमीन काही काळ सोडण्याची तयारी ठेवा, असे संसदेत विरोधक रोज इंच इंच भूमीचा जाब विचारत असताना कोणता राजकारणी कबूल करणार होता? तेव्हा चौक्या पुढे न्या म्हणून ओरडणाऱ्यांत कृपलानींच्या बाजूचेही लोक होते. उत्तर मुंबईने कृपलानींना निवडून दिले असते तरी नामका चू टळले असते, असे मला वाटत नाही.

गडकोट

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता मुलाकडे भांडुपला असतो. मी १९६२ पाहिलेले नाही, पण सत्तरच्या दशकात तवांगच्या बाजूला दोन हिवाळे काढले आहेत, म्हणून लिहितो.

त्या उंचीवर थंडी म्हणजे काय हे मुंबईत बसून कळत नाही. रायफलीच्या लोखंडाला उघडा हात लागला तर कातडी चिकटते. पायमोजा ओला झाला आणि बदलायला दुसरा नसला तर दोन दिवसांत पायाची बोटे काळी पडायला लागतात, आणि मग त्या माणसाला न्यायला चार माणसे लागतात, म्हणजे पाच रायफली कमी झाल्या. आमच्याकडे कोट होते, स्टोव्ह होते, रस्ता होता, तरी ही गत. सुती कपड्यांत, एका घोंगडीवर, रात्री उघड्यावर बसून सकाळी लढायचे, हा हुकूम ज्याने दिला त्याने ती जागा पाहिलेली नव्हती, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या पलटणीत जुने लोक होते, ते बासष्टविषयी बोलत नसत. एकदाच एका हवालदाराने सांगितले की झाडे तोडून मोर्चे झाकायला कुऱ्हाडीसुद्धा पुरेशा नव्हत्या.

ताईंनी कागदाचा मुद्दा काढला तो फौजी माणसाला लगेच पटेल. फौजेत तोंडी हुकूम संकटाच्या वेळी चालतो, पण मोठ्या गोष्टीला लेखी हुकूम मागण्याचा अधिकार असतो. २२ सप्टेंबर १९६२ रोजी चिन्यांना थाग लाच्या खालून हुसकावा असे ठरले तेव्हा सरसेनापती थापर यांनी लेखी हुकूम मागितला. पंतप्रधान परदेशी, संरक्षणमंत्री परदेशी, आणि हुकुमावर सही झाली ती मंत्रालयातल्या एका सहसचिवाची. हजारो माणसांना मरणाच्या तोंडी देणाऱ्या कागदावर निवडून आलेल्या एकाही माणसाची सही नाही. माझ्या मते निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी हे बोललेच पाहिजे, कारण शिपायाला बोलता येत नाही आणि मेलेल्या शिपायाला तर नाहीच.

खडूफळा सर, से ला बद्दल तुमचे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य करताना मला लाज वाटते. पण ज्या डिव्हिजनची एक ब्रिगेड महिन्यापूर्वी अशी फुकट घालवली, तिचे उरलेले अधिकारी कोणत्या मनाने लढणार होते, हेही पाहा. आणि वरचे अधिकारी निवडले कोणी? थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचे नाव सुचवले होते. ते डावलले गेले. माणेकशांवर चौकशी बसवली होती, त्यातून ते निर्दोष सुटले. सरळ बोलणारा अधिकारी मागे पडतो हे एकदा खालपर्यंत दिसले की मग सगळेच वरच्याला आवडेल ते बोलतात.

बंदरपाखरू

माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्या शेजारी देशांत सेनापती राजकारण्यांच्या चुका काढत काढत सत्तेवर येऊन बसले, आणि आपल्याकडे ते झाले नाही, याचे श्रेय नेहरूंच्या पिढीने ठेवलेल्या धाकालाही आहे. १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला, तो त्यांनी मागे घेतला, आणि संसदेत नेहरूंनी नागरी सत्ता श्रेष्ठ आहे असे ठामपणे सांगितले. ते शब्द थिमय्यांना लागले असतील, पण तत्त्व म्हणून ते योग्यच होते. निवृत्तांच्या टीकेचे आपण फार कौतुक केले तर उद्या सेवेतले अधिकारीही वर्तमानपत्रांकडे पाहून निर्णय घेतील, ही भीती मला खरी वाटते.

सांजवात

सर्वांचे आभार. गडकोट दादा, तुमचे पायमोज्याविषयीचे वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

बंदरपाखरू, नागरी सत्ता श्रेष्ठ असावी याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण श्रेष्ठ असणे म्हणजे न ऐकणे नव्हे. एप्रिल १९७१ मध्ये इंदिरा गांधींना पूर्व पाकिस्तानात लगेच कारवाई हवी होती. सैन्य तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे, असे माणेकशांनी स्पष्ट सांगितले, आणि त्यांना वेळ मिळाला. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तिथे नागरी सत्ता कमी झाली का? निर्णय पंतप्रधानांचाच राहिला, फक्त तो ऐकून घेतलेला निर्णय होता. त्याच्याही आधीचे उदाहरण मेनन यांच्यानंतर संरक्षणमंत्री झालेल्या आपल्या यशवंतराव चव्हाणांचे आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण अभिमानाने म्हणतो, पण दिल्लीला जाऊन त्यांनी काय बदलले हे फारसे सांगत नाही. १९६२ मध्ये हवाई दलाला हल्ल्यासाठी वापरलेच नव्हते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा विमाने पाठवण्याची परवानगी चव्हाणांनी तिथल्या तिथे दिली आणि त्याच संध्याकाळी विमाने आघाडीवर होती. तीन वर्षांपूर्वी टिपणे कपाटात पडत होती, त्याच मंत्रालयात हे घडले.

थिमय्यांविषयी मात्र माझे मन दुभंगलेले आहे. राजीनामा मागे घेतला तिथे ते चुकले असे मला वाटते. दिला तर टिकवायला हवा होता, कारण मागे घेतलेल्या राजीनाम्याने त्यांचा शब्द हलका झाला आणि उरलेली दोन वर्षे त्यांच्या हातून फार काही साधले नाही. तरी निवृत्तीनंतर ते गप्प बसले नाहीत. जुलै १९६२ मध्ये, म्हणजे युद्धाच्या तीन महिने आधी, ‘सेमिनार’ या इंग्रजी मासिकात त्यांनी लिहिले की भारताने एकट्याने चीनशी उघड युद्ध करावे याची कल्पना आपण सैनिक म्हणूनही करू शकत नाही आणि सुरक्षिततेची जबाबदारी राजकारण्यांनी आणि मुत्सद्द्यांनी उचलली पाहिजे. निवृत्त सरसेनापती भर बाजारात हे सांगतो आहे, आणि तिकडे सप्टेंबरात हुसकावून लावण्याचा हुकूम निघतो. तेव्हा निवृत्तांची टीका नेहमी युद्धानंतरच येते हेही खरे नाही.

खडूफळा सर, उत्तर मुंबईने कृपलानींना निवडले असते तरी युद्ध टळले नसते, हे तुमचे म्हणणे मी स्वीकारते. पण माझा मुद्दा युद्ध टळण्याचा नव्हता. मुद्दा असा की चौकशीचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर आपल्याकडे फक्त या निवृत्तांची पुस्तके उरली. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांनी १९६२ च्या पराभवाची केलेली चौकशी लष्करी कारवाईपुरती मर्यादित होती. राजकीय निर्णय तिच्या कक्षेतच नव्हते. चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत तिचा सारांश सांगितला आणि अहवाल सुरक्षेच्या कारणास्तव बंद राहिला. २०१० मध्येही संरक्षणमंत्र्यांनी तो उघड करण्यास नकार दिला. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्यातला एक भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा कुठे आपल्याला काही पाने वाचायला मिळाली. याउलट कारगिलनंतर नेमलेल्या समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० मध्ये छापून आला. सरकार स्वतः सांगते तिथे निवृत्त अधिकाऱ्याच्या पुस्तकाचे वजन आपोआप बेताचे होते. सरकार सांगत नाही तिथे दळवींना पुस्तक लिहावे लागते, आणि मग त्यात रागही येतो, स्वतःची बाजूही येते. तो राग वेगळा काढून वाचणे हे आपल्यासारख्या वाचकांचे काम होऊन बसते आणि ते काम आपल्याला नीट करता येत नाही, कारण ताडून पाहायला दुसरा कागद नसतो.

जुनीपाने

धाग्यात एक गोष्ट राहून गेली आहे. मेनन यांना ३१ ऑक्टोबर १९६२ रोजी संरक्षण खात्यावरून हलवले आणि ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातून गेले, पण आपले खासदार म्हणून ते १९६७ पर्यंत राहिले. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारी दिली नाही. का, तर महाराष्ट्रात बाहेरचा उमेदवार नको, हे कारण पुढे आले. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांनी त्यांना हरवले. बर्वे यांचे लवकरच निधन झाले, पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले आणि बर्वे यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडून हरले.

हे वाचून कोणी म्हणेल की मुंबईने हिशेब चुकता केला. मी तसे म्हणणार नाही. त्या प्रचारात मराठी आणि अमराठी हा वाद मोठा होता, नामका चू कोणाच्या तोंडी नव्हते. बर्वे हे मोठ्या योग्यतेचे सनदी अधिकारी होते आणि पानशेतच्या पुरानंतर पुण्यात त्यांनी केलेले काम सर्वांना ठाऊक होते, म्हणून त्यांच्या विजयात मला खोट काढायची नाही. पण ज्या प्रश्नावर १९६२ ची निवडणूक लढली गेली, तो प्रश्न युद्ध हरल्यानंतरच्या निवडणुकीत विचारलाच गेला नाही. सेनापतींनी लिहिलेल्या पुस्तकांना मतपेटीतून उत्तर मिळण्याची एकच संधी होती आणि ती भलत्याच वादात गेली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गडकोट

जुनीपाने, बरोबर आहे. आणि सैनिकाच्या घरी त्या वादाचा काही उपयोग नव्हता.

नवखा वाचक

सांजवात काकू, मी बावीस वर्षांचा आहे, दळवींचे पुस्तक पहिल्यांदाच ऐकले, आता मिळवून वाचणार आहे. एक विचारू का? समासात ‘फेब्रुवारी १९६२’ लिहिल्यानंतर तुमच्या वडिलांनी या विषयावर कधी काही बोलून दाखवले का? आणि १९६७ मध्ये त्यांनी काय केले?

सांजवात

बाळा, जरूर वाच, आणि जमले तर थोरातांचे आत्मचरित्र आधी वाच, म्हणजे दळवींच्या रागाला तारीख मिळेल.

वडील आमच्याशी यावर कधी बोलले नाहीत. १९६७ ला त्यांनी कोणाचाच प्रचार केला नाही. आईने पुढे सांगितले ते असे की त्या वर्षी ते एका प्रचारसभेला एकटेच गेले होते आणि जाताना वहीच्या कागदावर एक प्रश्न लिहून नेला होता : बासष्टच्या आधी सेनाधिकाऱ्यांनी सरकारला काय लिहून दिले होते, ते मतदारांना सांगावे. तेव्हा थोरातांच्या टिपणाविषयी त्यांना काही ठाऊक असण्याची शक्यता नव्हती; त्यांनी ते नुसत्या तर्काने विचारले असावे. सभेत प्रश्नांच्या चिठ्ठ्या हातोहात पुढे देण्याची पद्धत होती. त्यांनी आपली चिठ्ठी पुढच्या ओळीत दिली, ती पुढे पुढे जाताना दिसली, आणि मग भाषणे संपेपर्यंत ते थांबले. चिठ्ठी वाचली गेली नाही. रात्री ते स्टेशनावरून चालत घरी आले आणि जेवले नाहीत, एवढेच आईला आठवत होते.

पावती मी परत पुस्तकात ठेवली आहे, त्याच पानाशी.